कान्हेरीत पाण्याच्या मागावर

पहिल्यांदा मुलांना घेऊन कान्हेरीला गेले, तेव्हा डोक्यात यादी पक्की होती. मोठा चैत्य, दरबार लेणं, अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, मग वरच्या विहारांची रांग आणि शेवटी माथ्यावरून दिसणारं शहर. दोन तासांत सगळं उरकायचं. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती, भाचा सहाचा. पायऱ्या चढून वर येतो न येतो तोच मुलगी मुंगळ्यांच्या रांगेपाशी बसली. मी उठवलं, ती पुन्हा बसली. कडेवर घेतली तर हातपाय झाडायला लागली. भाच्याला ओढत आठ-दहा लेणी ‘केली’. परतताना बसमध्ये त्याला विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, ‘‘माकड.’’ माकडं तर त्याच्या सोसायटीच्या गच्चीवरही येतात.

तेव्हापासून आम्ही चार वेळा गेलो, आणि जाण्याची पद्धत पार बदलली. आता एका खेपेला एकच गोष्ट धरायची आणि तिच्या मागे मागे चालायचं. त्यातली पहिली आणि सगळ्यात रंगलेली खेप पाण्याची. कुणाला लहान मुलांना घेऊन कान्हेरीला जायचं असेल, तर मी हीच वाट सुचवते. लहान मुलाला शतक कळत नाही, शैली कळत नाही. ओघळ मात्र कळतो. पाणी उताराकडे धावतं हे त्याला न्हाणीघरात आणि मातीत खेळताना कळलेलंच असतं. कान्हेरीचा डोंगर याच एका गोष्टीवर जवळजवळ हजार वर्षं नांदता राहिला.

आधी जाण्यायेण्याचं सांगते. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मोठं प्रवेशद्वार आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. मोठी माणसं हे अंतर चालत जातात आणि रस्ता सुंदरही आहे, पण चार-पाच वर्षांच्या पायांतलं बळ डांबरावर खर्ची घालू नये. बस करावी. सोमवारी सगळं बंद असतं. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट पडत नाही. सकाळी लवकर पोचावं, कारण दहा-साडेदहानंतर कातळ तापायला लागतो आणि मग मुलांच्या लक्षात फक्त ऊन राहतं.

दिवस कोणते निवडावेत? भर पावसात कान्हेरी देखणी दिसते, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, मधल्या घळीतला ओढा जोरात असतो, आणि एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं दोन मुलं सांभाळता येत नाहीत. उन्हाळ्यात कातळाचा तवा होतो. दसऱ्यापासून पुढे संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. त्यातही दिवाळीच्या आगेमागे गेलात तर पोढ्या (कातळात खोदलेली पाण्याची टाकी) भरलेल्या असतात. पाण्याची गोष्ट सांगायची तर समोर पाणी हवंच.

पायांत तळव्याला खाचा असलेले बूट हवेत, चपला नकोत. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी. पाण्याच्या बाटल्या नेहमीपेक्षा एक जास्त. ती कशाला ते पुढे येईलच. खाऊ मात्र वर चढण्याआधी बसून खाऊन घ्यावा आणि उरलेला डबा पाठीवरच्या बंद पिशवीत टाकावा. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिसला की माकड तो घेणारच, आणि घाबरलेलं मूल नेमक्या अशा वेळी पायरीवरून मागे सरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळसुद्धा त्यांना पुरते.

आता वाट. तिकीट घेऊन वर आलं की लगेच डोंगरात घुसू नये. एका कडेला बसून प्रश्न टाकावा. मी विचारलं, ‘‘इथं शंभराच्या वर लेणी आहेत. म्हणजे शंभर घरंच समजा. नळ नाही, वर नदी नाही. मग इथले लोक पाणी कुठून आणत असतील?’’ भाचा म्हणाला, ‘‘टँकर.’’ मुलगी म्हणाली, ‘‘बाटलीतून.’’ दोन्ही उत्तरं मी तशीच राहू दिली. उत्तर चुकलं असं लगेच सांगितलं की मूल शोधणं थांबवतं आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतं.

मोठ्यांनी मनात ठेवायचा हिशेब असा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. इथे इसवी सनाच्या आगेमागे लेणी खोदायला सुरुवात झाली आणि बौद्ध भिक्षूंची वस्ती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत राहिली. भिक्षूंनी पावसाळ्यात फिरू नये, एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम. पण कान्हेरी मोठी होत गेली तशी इथली वस्ती बारमाही झाली. म्हणजे चार महिन्यांचं पाणी पुढचे आठ महिने पुरवायचं. त्यासाठी डोंगरालाच भांडं करायला हवं होतं, आणि त्यांनी ते केलं.

सुरुवातीलाच डावी-उजवीकडे क्रमांक एक, दोन, तीन अशी लेणी लागतात. तिसऱ्यात मोठा चैत्य आहे. तो टाळू नये आणि तिथे फार वेळही काढू नये. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, प्रत्येकी साधारण सात मीटर उंच. मुलांना मूर्तीच्या पायाशी उभं करून वर बघायला सांगितलं की ती आपोआप गप्प होतात. आत सुमारे सव्वीस मीटर लांबीचा गाभा, शेवटी स्तूप, दोन्ही बाजूंना खांब. काही खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं कोरलेली आहेत, आणि काही खांब नुसते आठ बाजूंचे, साधे. कोरणारे काम अर्धवट टाकून गेल्यासारखं दिसतं. भाच्यानं इथे हत्ती मोजले. मुलगी स्तूपाभोवती फेऱ्या घालत राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण गोल दिसला की फिरावंसं वाटतंच. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख याच लेण्यात आहे, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. हे मी मुलांना सांगितलं नाही. त्या दिवशी आम्ही पाण्यासाठी आलो होतो.

चैत्यातून बाहेर येऊन कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढायला लागलं की खरी वाट सुरू होते. इथून पुढे घाई सोडायची. चार वर्षांच्या मुलाबरोबर पहिल्या तासात दोनशे पावलं झाली तरी पुष्कळ. लेण्याच्या दर्शनी भागाच्या वरच्या कपाळपट्टीकडे मुलांना बघायला सांगा. अनेक लेण्यांच्या वर, आणि अंगणाच्या कडेनंही, कातळात बोटभर ते वीतभर रुंदीची चर कोरलेली दिसते. आधी ती भेगेसारखी वाटते. मग लक्षात येतं की भेग इतकी नेमकी वळत नाही. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस उघड्या कातळावरून खाली येतो. त्याला अडवलं नाही, तर तो थेट ओसरीत पडेल आणि आत राहणाऱ्यांचं अंथरूण भिजेल. म्हणून वरच्या बाजूला पन्हळ खोदून त्याला कडेला वळवायचं. कडेला वळवलंच आहे तर वाया कशाला घालवायचं? तिथेच खाली पोढी खोदायची. छत कोरडं राहतं आणि पिण्याचं पाणीही साठतं. दोन कामं एकाच चरीनं होतात.

हे सगळं मुलांना शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. जास्तीची बाटली इथे लागते. अंगणातली हाताला पोचेल अशी एखादी चर शोधायची आणि तिच्या वरच्या टोकाला पाणी ओतायचं. धार बारीक हवी, एका वेळी झाकणभरच. आम्ही ओतलं. मुलगी उकिडवी बसून नाक जवळजवळ दगडाला लावून बघत होती. पाणी आधी पसरलं, धुळीत गोल गोल थेंब झाले, मग त्यांची जीभ तयार झाली आणि ती हळूहळू पुढे सरकायला लागली. मध्ये वाळलेलं पान आडवं पडलं होतं. जीभ तिथे थांबली, फुगली, आणि पानाच्या कडेनं वाट काढून पुढे गेली. ‘‘गेलं!’’ मुलगी ओरडली. आणखी एक झाकण. आता ओल्या वाटेवरून पाणी सरळ पळालं, आणि भाचा त्याच्याबरोबर कडेकडेनं धावत गेला, चर जिथे संपते तिथपर्यंत. तिथे काळं चौकोनी तोंड होतं. ‘‘मावशी, इथे भोक आहे आणि आत पाणी आहे!’’ त्या क्षणी तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या डोक्यात शिरला होता, असं मला मनापासून वाटतं. मी काही बोलले नाही.

पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. वरचं तोंड लहान, आणि आतली जागा पुष्कळदा तोंडापेक्षा खूप मोठी, कातळाच्या पोटात पसरलेली. तोंड लहान असल्यामुळे ऊन कमी लागतं, पाणी उडून जात नाही, गार राहतं, आणि पालापाचोळाही कमी पडतो. काही तोंडांभोवती कातळात खाच ठेवलेली दिसते. तिच्यावर फळी किंवा दगडी झाकण बसत असावं. भाच्याला मी विचारलं, आपल्या माठावर झाकण का असतं? उत्तर त्यानंच दिलं, आणि मग पुढच्या प्रत्येक पोढीपाशी तो झाकणाची खाच शोधत राहिला. कुठे सापडली, कुठे नाही.

इथे एक गोष्ट अगदी कडक. पोढीच्या तोंडापाशी मुलाचा हात सोडायचा नाही. एका मोठ्या माणसामागे एकच लहान मूल. पाण्यावर हिरवं शेवाळ साचलेलं असेल तर ते लांबून जमिनीसारखं दिसतं, आणि खोली वरून कळत नाही. आम्ही पोटावर झोपून, मी दोघांच्या पायांवर हात ठेवून, आळीपाळीनं आत ‘कूऽ’ केलं. आवाज आत फिरून मोठा होऊन येतो; त्यावरून जागा किती ऐसपैस आहे याचा अंदाज मुलांना येतो. दगड टाकून खोली बघायची नाही. मुलांना ते करावंसं वाटतंच, पण हे पाणी कुणाचं तरी पिण्याचं होतं एवढं सांगितलं की पुरतं.

कुणाचं होतं, याचं उत्तर दगडावरच लिहिलेलं आहे, आणि मला स्वतःला कान्हेरीत याहून सुंदर काही वाटत नाही. इथले बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहेत, आणि बरेचसे देणग्यांची नोंद करणारे. त्यात ‘लेण’ हा शब्द येतो, ‘पोढी’ हा शब्द येतो, ‘पानीयपोढी’ येतो. म्हणजे आपण आज जे शब्द वापरतो, ते त्या दगडावर बसून आहेत. एका लेखात कल्याणच्या सोनारानं पोढी दान दिल्याचं म्हटलंय. दुसऱ्यात कल्याणच्याच लोहारानं वाट दान दिलीय, चालायची वाट. राजानं नव्हे, लोहारानं. भाच्याला मी दगडातल्या पायऱ्या दाखवून सांगितलं की अशी एक वाट कल्याणच्या एका लोहारकाकांनी बनवून दिली होती. ‘‘कुणासाठी?’’ इथे राहणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. तो थोडा विचार करून म्हणाला, ‘‘म्हणजे आपल्यासाठीपण.’’ कल्याण त्याला माहीत आहे. त्याची आत्या तिथे राहते. सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, आणि कल्याण ही दोन्ही तेव्हाची मोठी बंदरं. समुद्रातून आलेला पैसा या डोंगरात पायऱ्या आणि पोढ्या होऊन मुरला.

पाणी सापडलं की मग घर बघायचं. पोढीच्या शेजारच्या एखाद्या छोट्या विहारात मुलांना घेऊन बसावं. ओसरी, ओसरीत बसायचा दगडी ओटा, आत खोली, कधी खोलीत झोपायचा ओटा. मुलांना यात घरघर खेळता येतं आणि खेळू द्यावं. आमच्याकडे मुलगी भिक्षू झाली, ओट्यावर आडवी झाली आणि म्हणाली, ‘‘गार आहे.’’ अंगणात कातळात गोल खळगे दिसतात, मुठीएवढे किंवा थोडे मोठे. ते लाकडी खांब रोवायचे. खांबांवर मांडव घातला की ऊन-पाऊस अडतो. मुलांनी प्रत्येक खळग्यात मूठ घालून बघितली, आणि मांडव केवढा असेल ते पावलांनी मोजलं. अकरा क्रमांकाचं दरबार लेणं जवळच आहे. तिथे जमिनीवर दोन लांबलचक बुटके दगडी ओटे आहेत, पंगतीला मांडल्यासारखे. जमलं तर तेवढं बघावं. एक्केचाळिसाव्या लेण्यातला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर आम्ही त्या दिवशी सोडून दिला. तो पुढच्या खेपेला बघितला: मुख्य चेहरा, त्याच्यावर तीन-तीन चेहऱ्यांच्या तीन ओळी, आणि सगळ्यात वर एक. मोजायला शिकलेल्या मुलाला ती बेरीज फार आवडते.

वाटेतली झाडं? पाण्याच्या खेपेला मी झाडांची नावं घोकायला लावत नाही. फक्त एक झाड अपवाद: कारवी. उतारांवर पुरुषभर उंचीच्या झुडपांची गर्दी दिसते ती तिची. पानं हाताला खरखरीत लागतात. कोकणातल्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणामातीनं सारवलेल्या. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळी एकदम, जांभळी-निळी, आणि बी धरून मरते. इथली कारवी २०१६ मध्ये फुलली होती, मग २०२४ मध्ये. म्हणजे आता २०३२. तेव्हा मुलगी सहावीत असेल. हे ऐकून ती रागावली, कारण तिला फूल आत्ता हवं होतं. मग तिनं पानाला हात लावला आणि विचारलं, ‘‘हिला माहितीय का कधी फुलायचं ते?’’ हिला माहितीय, एवढंच मी म्हणू शकले. मातीत पडलेलं बी पावसात रुजून वर येतं आणि ही झुडपं उतारावरची माती घट्ट धरून ठेवतात. ती नसती तर पोढ्यांत पाण्याबरोबर गाळ आला असता, असा पाण्याशी त्यांचा संबंध लागतो. पण हे मोठ्यांसाठी.

थकव्याचं वेळापत्रक सांगून ठेवते, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. चार-पाच वर्षांचं मूल कातळावर दीड ते दोन तास मजेत असतं. त्यानंतर ते एकदम संपतं. हळूहळू दमत नाही. म्हणून परतायला सुरुवात ते ताजं असतानाच करायची, म्हणजे तासाभरानं. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. पायऱ्या झिजलेल्या आहेत, एकसारख्या उंचीच्या नाहीत. मोठ्या माणसानं खालच्या पायरीवर उभं राहायचं, तोंड मुलाकडे करून, आणि मुलानं बसत बसत उतरलं तरी चालेल. मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही. या रानात बिबटे आहेत आणि ते त्यांचंच घर आहे. कुठे कातळाला मोहोळ लटकलेलं दिसलं तर आवाज न करता मागे फिरायचं. अंधाऱ्या लेण्यात वटवाघळं असली तर टॉर्च त्यांच्यावर मारायचा नाही. मुलांना मी आधीच सांगते की आतली माणसं झोपली आहेत. ती मग कुजबुजत चालतात.

आणि मध्येच मूल मुंगळ्यांपाशी बसलं तर बसू द्यावं. पहिल्या खेपेला मी मुलीला उठवलं होतं, ते मला अजून लागतं. तिच्या दृष्टीनं तेव्हा त्या डोंगरात तेवढीच एक जिवंत गोष्ट चालली होती. दुसऱ्या खेपेला तीच मुलगी मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते बघत गेली आणि चरीच्या ओल्या टोकाशी पोचली. मुंगळेही पाणी प्यायला आले होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी दोघं. रस्ता दहिसर नदीवरून जातो. पावसाळ्यानंतर पात्रात गोट्यांमधून थोडं पाणी वाहत असतं. भाच्यानं विचारलं, ‘‘हीपण पोढीत जाते?’’ मी सांगितलं, ही आतल्या तुळशी तलावातून निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. तुळशी तलाव मुंबईच्या पाण्यासाठी १८७९ मध्ये बांधला, आणि त्याच्या शेजारचा विहार तलाव त्याच्याही आधी, १८६० मध्ये पुरा झाला. दोन्ही याच डोंगरांच्या कुशीत. ‘‘म्हणजे ती मोठी पोढी,’’ तो म्हणाला. मुलीच्या बाटलीत तळाला दोन घोट उरले होते. ते पी म्हटलं तर तिनं मान हलवली आणि झाकण घट्ट लावलं. घरी गच्चीवर एक चर आहे, तिच्यात ओतायचं म्हणाली.